जेम्स गिलरे आणि त्याची व्यंगचित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिलरेची चित्रं मराठी वाचकापर्यंत सहसा एकेकटी येतात. इतिहासाच्या पुस्तकाच्या कोपऱ्यात, नेपोलियनवरच्या लेखात किंवा फोनवर फिरत फिरत. वाटेत कुणीतरी चित्राची तळाची ओळ कापलेली असते, आणि तिच्याबरोबर निम्मा अर्थही गेलेला असतो. आमच्याकडे येणारे बरेचसे प्रश्न त्या कापलेल्या ओळीतूनच उगवतात. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही. जिथे विषय जुळतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जेम्स गिलरे कोण, हे थोडक्यात सांगाल का?

लंडनचा व्यंगचित्रकार आणि उत्कीर्णक. जन्म १३ ऑगस्ट १७५६, चेल्सी. मृत्यू १ जून १८१५, लंडन. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली सुमारे हजार चित्रं त्याच्या नावावर आहेत. राजा तिसरा जॉर्ज, त्याचा उधळ्या युवराज, पंतप्रधान विल्यम पिट, विरोधी पक्षाचा चार्ल्स जेम्स फॉक्स आणि पुढे नेपोलियन ही त्याची नेहमीची गिऱ्हाइकं. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या: ही चित्रं वर्तमानपत्रात येत नसत. प्रत्येक चित्र सुट्या कागदावर छापून दुकानात विकलं जायचं. त्यामुळे 'रोजचं व्यंगचित्र' ही आपली कल्पना इथे चालत नाही.

२. नाव गिलरे, गिल्ले की जिलरे?

गिलरे. सुरुवातीचा 'ग' आपल्या 'गिरणी'तला.

३. ही अर्कचित्रं म्हणायची की व्यंगचित्रं?

दोन्ही, पण सरसकट नाही. माणसाच्या चेहऱ्यातलं, अंगलटीतलं नेमकं काय पकडायचं ते पकडून फुगवलं की अर्कचित्र होतं. पिटची काटकुळी उंची आणि वर गेलेलं नाक, फॉक्सच्या जाड भुवया आणि दाढीचे खुंट ही अर्कचित्राची कामं. त्या माणसांना एखाद्या प्रसंगात उभं करून त्यातून टीका केली की ते व्यंगचित्र. गिलरेची ताकद या दोहोंच्या जोडीत आहे. नुसत्या 'हास्यचित्र' या शब्दात मात्र तो मावत नाही. त्याची काही चित्रं पाहून हसू येण्याआधी अंगावर काटा येतो.

४. होगार्थ त्याच्या आधीचा. मग 'पहिला ब्रिटिश व्यंगचित्रकार' कोण?

विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) आधीचा, यात वाद नाही. पण होगार्थला स्वतःला अर्कचित्रकार म्हणवून घ्यायचं नव्हतं. आपण माणसांचे स्वभाव रंगवतो, चेहरे वाकडे करत नाही, हे ठसवायला त्याने १७४३ मध्ये एक खास छापचित्रच काढलं. त्याचं लक्ष्य होतं समाज: दारुडे, जुगारी, पैशासाठी जुळवलेली लग्नं. खऱ्याखुऱ्या पुढाऱ्यांची ओळखू येणारी अर्कचित्रं राजकारणात आणली ती १७५० च्या दशकात जॉर्ज टाउनशेंडसारख्या हौशी मंडळींनी. त्यांचं रेखाटन कच्चं होतं. होगार्थची कारागिरी आणि या हौशींचा थेट वार गिलरेने एकत्र आणला, आणि यावरच आयुष्यभर पोट भरलं. त्यामुळे 'पहिला' हा किताब त्याला देऊ नका. 'पहिला पूर्णवेळ राजकीय अर्कचित्रकार' इतकं म्हटलंत तर कोणी हरकत घेणार नाही. त्याचा समवयस्क टॉमस रोलँडसन (१७५७–१८२७) याचा हात अधिक मऊ, आणि त्याचा जीव राजकारणापेक्षा बाजार, खानावळी आणि प्रवासात रमणारा.

५. घरची परिस्थिती आणि शिक्षण?

वडील स्कॉटलंडमधल्या लॅनार्कचे, पेशाने सैनिक. १७४५ च्या फाँतेनॉयच्या लढाईत त्यांचा एक हात गेला. मग चेल्सीच्या सैनिकी रुग्णालयाचं निवृत्तिवेतन आणि मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या दफनभूमीची देखभाल यांवर घर चाललं. हा पंथ अतिशय कडक. पाच भावंडांत जगला तो एकटा जेम्स. बेडफर्डच्या मोरेव्हियन शाळेत त्याला लहानपणीच पाठवलं होतं, पण ती १७६४ मध्ये बंद पडली.

पुढे तो हॅरी अ‍ॅशबी या अक्षर-उत्कीर्णकाकडे उमेदवारीला लागला. भेटपत्रं, दाखले, हुंड्या यांवरची वळणदार अक्षरं उलटी कोरायची, हे तिथलं काम. कंटाळवाणं खरं, पण गिलरेच्या चित्रांत मजकुराची जी गर्दी दिसते ती इथूनच आली. १७७८ मध्ये तो रॉयल अकादमीच्या शाळेत दाखल झाला. तिथे इटालियन उत्कीर्णक फ्रांचेस्को बार्तोलोझ्झीची ठिपक्यांनी छटा देण्याची पद्धत त्याला जवळून पाहायला मिळाली. १७८० च्या दशकात त्याने गंभीर ऐतिहासिक छापचित्रांत नाव काढायचा प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही. व्यंगचित्रांकडे तो परतला तो तेव्हा.

६. एक चित्र तयार कसं व्हायचं? पायऱ्या सांगा.

मुख्य तंत्र एचिंगचं, म्हणजे आम्लाने रेघ खाण्याचं.

तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा करायचा आणि कडा तिरप्या घासायच्या, नाहीतर दाबयंत्रात कागद कापला जातो. मग खडूच्या पुडीने पुसून तेलकटपणा पूर्ण घालवायचा. पत्रा तापवून त्यावर मेण, डांबरी राळ आणि मस्तकी यांच्या मिश्रणाचा पातळ थर रेशमी गोळ्याने थोपटायचा. हा थर जळत्या मेणवातीच्या धुरावर धरून काळा करायचा, म्हणजे सुईने ओरखडलं की तांबं चमकून दिसतं.

कच्चं चित्र कागदावर असेल तर त्याच्या मागे लाल खडू चोळून मुख्य रेघा थरावर उतरवतात. मग सुईने रेखाटन. सुई फक्त मेण खरवडते, तांबं कापत नाही. म्हणूनच हात पेनासारखा मोकळा चालतो, आणि गिलरेच्या रेषेतला वेग येतो तो यातून. सगळं उलटं काढायचं, अक्षरंसुद्धा.

पत्र्याभोवती मेणाची पाळ बांधून आत पातळ केलेलं नत्राम्ल ओतायचं. उघड्या तांब्यावर बुडबुडे येतात, ते पिसाने हलवत राहायचं. फिक्या रेघा हव्यात तिथे थोड्या वेळाने आम्ल काढून वार्निश लावायचं आणि उरलेल्या रेघांना पुन्हा आम्ल द्यायचं. दोन-तीन फेऱ्या झाल्या की जवळचं गडद आणि लांबचं फिकं असा फरक तयार होतो. शेवटी टर्पेंटाइनने थर धुवायचा, एक प्रत काढून बघायची आणि कमी पडेल तिथे ब्युरिन या कोरणीने थेट तांबं कापायचं. आकाश, धूर, सावली यांसाठी गिलरे अ‍ॅक्वाटिंटही (रेघेऐवजी सलग छटा देणारी आम्लाचीच पद्धत) वापरतो.

छापताना पत्रा कोमट करून शाई रेघांत भरतात. पृष्ठभाग आधी फडक्याने, मग तळहाताने पुसतात. वर ओलसर कागद आणि लोकरी घोंगडी ठेवून दोन रुळांमधून ओढलं की दाबाने कागद रेघेत शिरून शाई उचलतो. कागदावर पत्र्याच्या कडेचा जो दबलेला चौकोन दिसतो तो याच दाबाचा.

७. यात काय बिघडायचं?

सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे नको तिथे आम्ल लागणं. पत्र्यावर बोटाचा तेलकट ठसा राहिला किंवा थर पातळ पडला की तिथून आम्ल झिरपतं आणि कोऱ्या भागात बारीक काळे ठिपके उमटतात. उलट आम्ल जास्त तीव्र असलं, तर जवळजवळच्या रेघांमधली भिंतच खाल्ली जाते. तिथे रुंद, उथळ खड्डा पडतो. त्यात शाई ठरत नाही आणि जिथे सर्वांत गडद हवं तिथेच फिका डाग येतो. थंडीत थर कडक होऊन सुईखाली टवका उडतो.

दुरुस्ती करता येते, पण ती किचकट. खराब भाग खरवडायचा, घोटून सपाट करायचा, खळगा राहिला तर पत्रा पाठीमागून ठोकून वर आणायचा आणि तिथे पुन्हा कोरायचं. बातमी शिळी व्हायच्या आत चित्र खिडकीत लागायला हवं असे, त्यामुळे गिलरेच्या चित्रांत किरकोळ डाग तसेच सोडलेले दिसतात. ते तुमच्या प्रतीचे दोष नव्हेत.

८. एकाच चित्राच्या दोन प्रतींत रंग वेगळे का? खरे रंग कोणते?

पत्र्यावरून छापली जायची ती फक्त काळी रेघ. रंग नंतर जलरंगाने, हाताने, प्रत्येक प्रतीवर वेगळे भरले जात. त्यासाठी दुकानाने कामाला लावलेले रंगारी असत. समोर नमुना असला तरी हात बदलला की कोटाचा रंग बदले. म्हणून 'खरे रंग' असा एकच संच नाही. त्या काळात रंगवलेली प्रत आणि शंभर वर्षांनी कुणी हौसेने रंगवलेली प्रत यांत मात्र फरक करायला हवा (प्रश्न १९).

किंमत साधारणपणे बिनरंगी प्रतीला १ शिलिंग, रंगीत प्रतीला २, मोठ्या चित्राला त्याहून जास्त. हातावर पोट असलेल्या माणसाला हे परवडणारं नव्हतं. तो दुकानाच्या काचेबाहेर उभा राहून फुकट बघे. पैसेवाल्यांसाठी दुसरी सोय होती: पिकॅडिलीचा दुकानदार फोर्स चित्रांचे गठ्ठे संध्याकाळच्या मेजवानीपुरते भाड्याने देत असे.

९. चित्राखालची ती बारीक ओळ कशी वाचायची?

ही ओळ आधी वाचा, चित्र नंतर. १७३५ च्या कायद्याने छापचित्राला हक्काचं संरक्षण मिळालं (होगार्थच्याच खटपटीने), पण अट अशी की मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख पत्र्यावरच कोरलेली हवी. त्यामुळे गिलरेच्या बहुतेक चित्रांना दिवसासकट तारीख आहे. त्या आठवड्यात संसदेत काय चाललं होतं ते बघितलं की अर्धं कोडं सुटतं.

नावापुढची लॅटिन संक्षेपंही बघा. 'इन्व्ह.' म्हणजे कल्पना त्याची, 'फेक.' म्हणजे पत्र्यावरचं काम त्याचं. दोन्ही असतील तर चित्र सर्वस्वी गिलरेचं. नुसतं 'फेक.' असेल तर कल्पना बहुधा दुसऱ्या कुणा हौशी गृहस्थाची. नेपोलियनला तळहातावर धरून दुर्बिणीतून बघणारा राजा (२६ जून १८०३) हे प्रसिद्ध चित्र याच जातीचं. त्याची मूळ कल्पना ब्रॅडिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची.

तिसरी खूण म्हणजे पत्ता. गिलरेची प्रकाशक हॅना हम्फ्री (प्रश्न १०) हिचं दुकान १७९२ मध्ये १८ ओल्ड बाँड स्ट्रीटला होतं, मग ३७ न्यू बाँड स्ट्रीटला, आणि १७९७ पासून २७ सेंट जेम्सेस स्ट्रीटला. तारीख एक आणि पत्ता भलताच असेल तर कान टवकारा.

१०. मिसेस हम्फ्री ही गिलरेची बायको होती का?

नाही. हॅना हम्फ्री अविवाहित होती. धंदा करणाऱ्या प्रौढ स्त्रीला तेव्हा मानाने 'मिसेस' म्हणत, त्यातून हा घोळ होतो. ती छापचित्रांची प्रकाशक आणि दुकानदार. १७९१ च्या सुमारापासून गिलरे जवळजवळ तिच्यासाठीच काम करू लागला आणि १७९३ पासून तिच्याच घरात, दुकानाच्या वर राहिला. पत्रा कोरून खाली द्यायचा, तो छापून खिडकीत लागायचा. मधे दलाल नाही. दोघांच्या नात्याबद्दल गावगप्पा तेव्हाही होत्या. तिचं धंद्यातलं डोकं मात्र इतिहासाने उगाचच बाजूला ठेवलं आहे.

दुकान बघायचं असेल तर १० फेब्रुवारी १८०८ चं 'व्हेरी स्लिपी वेदर' बघा. निसरड्या फरसबंदीवर एक म्हातारा आपटला आहे, खिशातली नाणी सांडली आहेत, हातातला थर्मामीटर तेवढा शाबूत. मागे लोक खिडकीतली चित्रं बघण्यात इतके गढले आहेत की कोणी वळूनही बघत नाही. खिडकीतली चित्रं गिलरेचीच, ओळखता येण्याइतकी स्पष्ट.

११. राजाची एवढी टिंगल करून तो तुरुंगात कसा गेला नाही?

टिंगल साधीसुधी नव्हती. २ जुलै १७९२ च्या चित्रात युवराज जेवून सुस्तावला आहे, काट्याने दात कोरतो आहे, वासकुटाचं एकच बटण कसंबसं तग धरून आहे. खुर्चीखाली रिकाम्या बाटल्या, मागे भरून वाहणारं मूत्रपात्र, आणि त्याखाली दाबलेली न फेडलेली बिलं. शेजारी मूळव्याधीचं आणि गुप्तरोगाचं औषध. त्याच महिन्याच्या २८ तारखेला जोडचित्र आलं: आईबाप, म्हणजे राजाराणी, उकडलेलं अंडं आणि पाल्यावर जेवताहेत. राजाच्या विजारीला ठिगळ, टेबलक्लॉथचाच नॅपकिन केलेला आणि शेगडीत विस्तव नाही. मुलगा उधळ्या, बाप चिक्कू, दोघांचीही धुलाई.

कारवाई न होण्याचं मुख्य कारण व्यावहारिक आहे. राजद्रोहकारक बदनामीचा खटला भरायचा तर चित्र कोर्टात मांडून 'हा जाडा माणूस म्हणजे युवराज' असं सरकारी वकिलालाच सांगावं लागणार. म्हणजे आपणच आपली फजिती जाहीर वाचून दाखवायची. शिवाय १७९२ च्या कायद्याने असा मजकूर बदनामीकारक आहे की नाही हे ठरवायचा अधिकार ज्यूरीकडे गेला होता, आणि ज्यूरीतले लोकही खिडकीशी थांबून हसणारेच. त्यापेक्षा पैसे मोजणं सोपं. १८०४ चं 'लासांब्ले नासियोनाल' हे चित्र युवराजाला इतकं झोंबलं की त्याने पत्राच विकत घेऊन नष्ट करवला.

अपवाद एकच, आणि तो गंमतीचा. ७ जानेवारी १७९६ ला युवराजाला मुलगी झाली. दोनच दिवसांनी गिलरेने फॉक्स आणि त्याचा सहकारी शेरिडन त्या तान्हीच्या ढुंगणाचा मुका घेताना दाखवले, आणि शीर्षकात येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांचा उल्लेख केला. त्याच महिन्यात त्याला अटक झाली, पण आरोप ईश्वरनिंदेचा. राजघराण्याच्या अपमानाचा नव्हे. जामिनावर सुटला आणि प्रकरण पुढे विरलं.

१२. तो सरकारला विकला गेला होता, हे खरं का?

अर्धं खरं. जॉर्ज कॅनिंग हा तरुण खासदार १७९५ पासून धडपडत होता की गिलरेने आपलं चित्र काढावं. गिलरेच्या चित्रात दिसणं म्हणजे राजकारणात दखल घेण्याजोगे झाल्याची पावती! २० ऑक्टोबर १७९६ च्या चित्रात तो अखेर आला, पण फ्रेंच सैन्य लंडनमध्ये घुसल्यावर दिव्याच्या खांबाला फासावर लटकलेला. हौस फिटली म्हणायची.

याच कॅनिंगमार्फत १७९७ मध्ये सरकारकडून वर्षाला २०० पौंडांचा तनखा सुरू झाला. त्या काळात गिलरेने फॉक्सच्या बाजूवर आणि फ्रेंच क्रांतीच्या समर्थकांवर सडकून प्रहार केले. १८०१ मध्ये पिट पायउतार झाला आणि तनखाही थांबला. पण 'विकला गेला' म्हणताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. क्रांतीवरची त्याची आग तनख्याच्या कितीतरी आधीची आहे, १७९२ ची पॅरिसच्या नरमांसभक्षक कुटुंबाची मेजवानी बघा. आणि ९ मार्च १७९७ ला पिटचा 'मायडास' झाला आहे. ग्रीक कथेतल्या त्या राजाचा हात लागेल त्याचं सोनं होई, पिटचा हात लागेल त्याचा कागद होतो. त्याला पक्ष नव्हता, गिऱ्हाईक होतं. आमचं मत असं की त्याच्या चित्रांतून त्याची निष्ठा शोधू नये, फक्त त्याची नजर शोधावी.

१३. राजाने 'मला ही चित्रं कळत नाहीत' म्हटलं आणि गिलरेने सूड म्हणून त्याला क्रॉमवेलचं चित्र निरखताना दाखवलं, ही गोष्ट खरी आहे का?

गोष्ट झकास आहे, तारखा जुळत नाहीत. राजाने नापसंत केली म्हणतात ती रेखाटनं गिलरेने चित्रकार द लूथरबूर्गबरोबर फ्लँडर्सच्या रणभूमीवर जाऊन केलेली. तो प्रवास १७९३ चा. मेणबत्तीच्या थोटकाच्या उजेडात क्रॉमवेलचं लघुचित्र निरखणारा राजा मात्र १८ जून १७९२ चा, म्हणजे 'सूड' अपमानाच्या आधी वर्षभर घेतलेला! चित्राचा खरा डंख क्रॉमवेलमध्येच आहे: राजाचं डोकं उडवणाऱ्याकडे राजा बघतो आहे, आणि पलीकडे फ्रान्समध्ये राजाची गादी डळमळते आहे.

१४. नेपोलियन बुटका होता, हे गिलरेमुळे पसरलं का?

मोठ्या प्रमाणात, हो. नेपोलियनची उंची जुन्या फ्रेंच मापाने ५ फूट २ इंच भरली. फ्रेंच फूट इंग्रजीपेक्षा लांब, सुमारे ३२.५ सेंटिमीटरचा. म्हणजे आजच्या हिशेबाने जवळपास १६८ सेंटिमीटर, तेव्हाच्या फ्रेंच पुरुषाला अगदी सामान्य. १८०३ पासून गिलरेने त्याला 'लिटल बोनी' केलं: मोठी टोपी, मोठे बूट, मध्ये एवढासा माणूस आणि त्याचा थयथयाट. २४ मे १८०३ च्या चित्रात तो खुर्च्या-टेबलं लाथाडत रागाने वेडापिसा झाला आहे. इतर चित्रकारांनी तोच साचा उचलला. मापांचा घोळ नंतर मदतीला आला.

१५. पृथ्वीचा केक कापणारं चित्र नेमकं काय सांगतं?

केक नाही, प्लम पुडिंग, नाताळात उकडून करतात ते. तारीख २६ फेब्रुवारी १८०५. डावीकडे पिट, शांतपणे बसून त्रिशूळासारखा काटा रोवून समुद्राचा मोठा वाटा कापतो आहे. उजवीकडे नेपोलियन, खुर्चीवरून अर्धवट उठून तलवारीने युरोपचा तुकडा हिसकावतो आहे. त्या जानेवारीत नेपोलियनने इंग्लंडला तहाचा प्रस्ताव धाडला होता, हा त्याचा संदर्भ. अनेकजण हे देशप्रेमाचं चित्र समजतात. नीट बघा. पिटचा तुकडा मोठा आहे, आणि शीर्षक दोघांनाही खवय्येच म्हणतं. ट्राफल्गारची समुद्री लढाई अजून आठ महिने लांब आहे, म्हणून 'ट्राफल्गारनंतरचं चित्र' ही ओळ दिसली तर ती चूक समजा.

१६. देवीच्या लशीवरचं गाईंचं चित्र गिलरेचंच ना? आपल्याकडच्या लशीशी त्याचा संबंध आहे का?

त्याचंच, १२ जून १८०२ चं. एडवर्ड जेन्नर घाबरलेल्या बाईच्या दंडावर गोस्तनदेवीची लस टोचतो आहे, आणि आधी टोचून घेतलेल्यांच्या नाकातून, कानातून, पाठीतून छोट्या गाई बाहेर पडताहेत. मागच्या भिंतीवर सोन्याच्या वासराची पूजा करणाऱ्यांची तसबीर. गिलरे लशीविरुद्ध होता असा निष्कर्ष घाईने काढू नका. तळाच्या ओळीत लसविरोधकांच्या प्रकाशनांचा हवाला आहे, त्यामुळे ही त्या भयगंडाचीच टवाळी म्हणून वाचता येते.

संबंध आहे, तो योगायोगाचा. चित्र लंडनमध्ये खिडकीत लागलं त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ जून १८०२ ला, हिंदुस्थानातली पहिली यशस्वी गोस्तनदेवीची लस मुंबईत टोचली गेली. मुलीचं नाव अ‍ॅना डस्टहॉल, वय तीन वर्षं. लस बगदाद-बसऱ्यामार्गे, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर असा प्रवास करत आली होती. 'देवी काढणं' हा पुढे आपल्या घरोघरी रुळलेला शब्दप्रयोग.

१७. हिंदुस्थानावर त्याची चित्रं आहेत का? मराठे कुठे दिसतात का?

हिंदुस्थान आहे, पण लंडनच्या भांडणाचं साधन म्हणून. ११ मे १७८६ च्या चित्रात बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज 'हिंदुस्थानचा तारणहार' म्हणून उंटावर आहे आणि बर्क, फॉक्स, नॉर्थ हे खासदार त्याच्यावर तुटून पडलेले दरोडेखोर. १३ फेब्रुवारी १७८८ ला हेस्टिंग्जवरच्या महाभियोगाची सुनावणी सुरू झाली आणि १ मार्चला गिलरेने उलटी बाजू दाखवली: तोच हेस्टिंग्ज लॉर्ड चॅन्सेलर थर्लोच्या खांद्यावर बसून रक्ताच्या समुद्रातून पार होतो आहे आणि खाली हिंदी माणसांची प्रेतं तरंगताहेत. प्रश्न १२ चं उत्तर इथेही लागू.

मराठी वाचकाने मुद्दाम बघावं ते ६ डिसेंबर १७९१ चं श्रीरंगपट्टणचं चित्र. गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस गाढवावर बसून पळतो आहे, आणि तटावरून टिपू त्याच्यावर चक्क लघवी करतो आहे. शीर्षकातला 'मान्सून' तो हाच! माघार खरी होती, मे १७९१ मधली. पावसाने आणि उपासमारीने कंपनीची फौज बेजार झाली, कॉर्नवॉलिसने जड तोफा स्वतःच निकामी केल्या. त्यानंतर लगेच मेलकोट्याजवळ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज येऊन मिळाली, आणि मराठी छावणीच्या बाजारातल्या धान्याने इंग्रज शिपायांच्या तोंडात घास पडला. गिलरेच्या चित्रात याचा मागमूस नाही. बातमी लंडनला पोचायला महिने लागत, आणि तिथल्या गिऱ्हाइकाला मराठे कोण याच्याशी कर्तव्यही नव्हतं. चित्र खिडकीत लागून साडेतीन महिने होत नाहीत तोच, मार्च १७९२ मध्ये, टिपूला तह करून निम्मं राज्य सोडावं लागलं. म्हणून हे चित्र युद्धाचा पुरावा म्हणून वापरू नका. लंडनच्या विरोधी पक्षाला कशाची उकळी फुटली होती, याचा मात्र तो उत्तम पुरावा आहे.

१८. शेवटी त्याला वेड लागलं, हे खरं का?

हो. १८०६ च्या सुमारास दृष्टी अधू होऊ लागली. चष्म्याने भागेना, आणि बारीक रेघेवर जगणाऱ्याला याहून वाईट काय? दारू वाढली. १८०९ नंतर नवी राजकीय चित्रं थांबली आणि मानसिक तोल गेला. १८११ मध्ये त्याने पोटमाळ्याच्या खिडकीतून उडी मारण्याचा प्रयत्न केला, त्यातून तो वाचला. हॅना हम्फ्रीने शेवटपर्यंत त्याला सांभाळलं. १ जून १८१५ ला तो गेला, वॉटर्लूच्या १७ दिवस आधी. पिकॅडिलीच्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात त्याला पुरलं.

न्हाव्याच्या दुकानाचं एक चित्र १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेलं दिसतं, त्यावरून 'मरणानंतर कसं?' असं विचारतात. हेन्री बनबरी या हौशी चित्रकाराच्या कल्पनेवरचा तो पत्रा गिलरेने आजारपणाच्या मधल्या बऱ्या दिवसांत कोरला होता. प्रकाशन उशिरा झालं इतकंच.

१९. जुन्या बाजारात गिलरेचं चित्र मिळालं. अस्सल कसं ओळखू?

आधी प्रश्न ९ मधली ओळ तपासा. मग चित्र उलटं करा. मागेही दुसरं चित्र छापलेलं असेल तर ती जवळजवळ नक्की १८५१ च्या सुमारची बोनची आवृत्ती. हेन्री बोनने मूळ पत्रे विकत घेऊन जाड कागदावर दोन्ही बाजूंनी, बिनरंगी प्रती काढल्या आणि पत्र्याच्या कोपऱ्यात क्रमांक कोरला. ही नक्कल नव्हे, छाप मूळ पत्र्याचाच, पण गिलरेच्या हयातीतला नाही, त्यामुळे किंमत बरीच कमी. बोनच्या प्रतीवर रंग असतील तर ते नंतरचे.

हयातीतल्या प्रतीला कागद एकेरी असतो. उजेडासमोर धरल्यावर व्हॉटमन या कागद बनवणाऱ्याचा जलचिन्हांकित शिक्का दिसू शकतो. १७९४ पासून त्यात सालही येतं. चित्राच्या तारखेहून साल बरंच पुढचं असेल तर प्रत नंतर छापलेली. घड्या पडलेली, आकाराने लहान प्रत असेल तर ती वायमारच्या 'लंडन उंड पारीस' या जर्मन नियतकालिकातली नक्कल असू शकते. आणि भिंगाखाली छापील रंगांचे एकसारखे ठिपके दिसले तर ते विसाव्या शतकातलं भिंतीवर लावायचं चित्र. पत्र्याचा दबलेला चौकोन नाही म्हणून लगेच खोटं ठरवू नका. संग्राहक कडा कापून वहीत चिकटवत असत.

२०. चित्रं कुठे बघायची आणि लेखात वापरता येतील का?

लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, अमेरिकेतली लुईस वॉलपोल लायब्ररी आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांचे संग्रह घरबसल्या बघता येतात. गिलरेचं हस्तिदंतावरचं आत्मचित्र पोर्ट्रेट गॅलरीत आहे. चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला, पण संग्रहालयाने काढलेल्या छायाचित्राला त्यांच्या अटी असतात. ब्रिटिश म्युझियम व्यावसायिक वापरासाठी वेगळी परवानगी मागतं.

शोधताना शीर्षकावर विसंबू नका, कारण गिलरेची शीर्षकं लांब आणि त्यांची स्पेलिंगं लहरी. डोरोथी जॉर्ज यांच्या ब्रिटिश म्युझियम सूचीतला क्रमांक घाला: पुडिंगचं चित्र १०३७१, देवीच्या लशीचं ९९२४, जेवून सुस्तावलेला युवराज ८११२, त्याचे काटकसरी आईबाप ८११७. आणि चित्र छापताना तळाची ओळ कापू नका.